लाल चेहरा, वेगळा कप

मंदे, इकडे ये वं, माझ्याजवळ बस. अशी पदर ओढून दारात काहून उभी राहतेस? परवा बारशाला आलीस आणि सगळा वेळ भिंतीकडं तोंड करून बसलीस. चहा दिला तर पिशवीतून स्वतःचा कप काढलास. मावशी म्हातारी झाली, तिले काही दिसत नाही, असं वाटलं का तुले? गालावर पेट्रोलियम जेलीचा असा थर होता की घरावर चुना कमी लागतो. बोलायला गेले तर तू रिक्षात बसून निघूनही गेलीस. म्हणून हे लिहून पाठवते. बोलणं टाळता येते, लिहिलेलं हातात राहते. तुझं वाचून झालं की ज्या बाईला असं काही झालं असेल तिलाही दे.

लिहायला मी माझ्या लेकीच्या, छायाच्या पुस्तकांवरून शिकले. म्हणून लिहिताना पुस्तकासारखं 'मला' लिहिलं जातं. मधेच आपली बोली आली तर हसू नको.

*

तू लहान होतीस तेव्हा मी लांब रोटीचं काम करायची. सक्करदऱ्याच्या आमच्या वस्तीत मी आणि कौसल्या, अशी आमची जोडी. लग्न असो, तेरवी असो, बोलावणं आम्हाला. कणीक सैल भिजवायची, परातीत आपटून आपटून तिला चिवट करायची, मग दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद टाकायची. काढायची ती बोटांनीच. चिमटा लावला की रोटी फाटते. मडकं तापून लाल व्हायचं आणि त्याच्यासमोर आमची तोंडं.

चेहरा लाल होणं हे त्या कामात नवं नव्हतं. कौसल्याचाही व्हायचा. पण तिचा संध्याकाळी उतरायचा. माझा उतरेना. आधी नाक आणि गाल, मग हनुवटी. गरम चहा घेतला की भडका, तिखट खाल्लं की भडका, उन्हातून आलं की भडका. छायाचे बाबा गिरणीतून आले की हसायचे, "काय वं शेवंता, टमाटर झाली तू तं!" मीही हसायची. मग बारीक पुळ्या आल्या, कातडी ताणल्यासारखी झाली, आणि त्यांनी टमाटर म्हणणं बंद केलं. त्यांचं हसणं थांबलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

कोणी सांगितलं, संत्र्याच्या सालीची पूड लाव. आपल्याकडं संत्र्याला काय तोटा! साली वाळवल्या, कुटल्या, बेसनात कालवून लावल्या. जाळ झाला नुसता. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. ती लावली की पहिले काही दिवस चेहरा असा उजळ झाला की मी आरशापुढून हलेना. ट्यूब संपली आणि जे उसळून आलं ते आधीपेक्षा वाईट. तू आता जी ट्यूब लावून राहिली आहेस ना, दुकानदारानं दिलेली, डॉक्टरला न दाखवता आणलेली? तुझ्या आईनं सांगितलं मला. त्याचं पुढं बोलते.

*

बेसा तेव्हा गाव होतं. तिथं एका लग्नात आम्ही चुली मांडल्या होत्या. उन्हं चढली होती आणि आमच्याभोवती बाया बसल्या होत्या, रोटी कशी लांबवतात ते बघत. एक रोटी मडक्याला चिकटली म्हणून मी तळहात टेकवून ती सोडवली. नेहमी करायची तसं. पण त्या दिवशी एका म्हातारीनं माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडं, मग परत हाताकडं.

"तुले चटका नाही लागला वं?" तिनं विचारलं.

"कायचा चटका! सवय झाली आता," मी म्हणाले.

ती उठली, आत गेली. हळूहळू बाकीच्या बायाही उठल्या. माझ्याभोवतीची जागा मोकळी झाली. कौसल्याभोवतीची नाही.

लाल, फुगलेला चेहरा आणि हाताला चटका न लागणं. दोन्ही एकत्र पाहिलं की आपल्याकडं लोकांच्या मनात एकच नाव यायचं, मंदे. महारोग. कोणी उच्चारलं नाही. उच्चारायची गरजच नव्हती. पंगत बसली तेव्हा कौसल्याच्या टोपलीतल्या रोट्या वाढल्या गेल्या. माझी टोपली फडक्याखाली तशीच. दुपार टळून गेली तरी तशीच. घरमालकीण आली, लांब उभी राहून म्हणाली, "बाई, तुमी थकल्या असान. आराम करा." एवढ्या आदरानं मला त्याआधी कोणी कामावरून काढलं नव्हतं.

परत येताना बैलबंडीत कौसल्या माझ्या शेजारी बसली खरी, पण मधे परात ठेवली.

"कौसल्या," मी म्हटलं, "तुलेही चटका नाही लागत नं?"

"लागते नं मले," ती दुसरीकडं बघत म्हणाली. "थोडा लागते."

खोटं बोलली. तिचे हात माझ्यासारखेच होते. पण खरं बोलली असती तर तिचीही टोपली फडक्याखाली राहिली असती, हे मला त्या बंडीतच कळलं. तिच्यावर रागावता आलं नाही.

*

घरी आधीच बातमी पोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चहा एका वेगळ्या कपात आला. निळ्या फुलांचा, अर्धा कान तुटलेला. पिऊन झाल्यावर सासूनं तो मोरीत नाही, बाहेर तुळईच्या खुंटीला अडकवला.

आता सासू कोण होती ते ऐक. तिच्या गावातल्या हॉटेलात आपल्या लोकांसाठी अर्ध्या कानाचे कप दाराबाहेर खुंटीला टांगलेले असायचे. आपणच काढायचा, आपणच धुवायचा, परत टांगायचा. धम्मदीक्षा घेऊन पांढऱ्या लुगड्यात ती गावी परतली आणि सरळ त्या हॉटेलापुढं जाऊन तिनं तो कप दगडावर आपटला. ही गोष्ट ती छायाला मांडीवर घेऊन सांगायची, आणि आपटण्याची जागा आली की छाया टाळी वाजवायची.

त्याच बाईनं माझा कप खुंटीला टांगला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "शेवंते, मले लेकरासाठी भेव वाटते. दुसरं काही नाही वं."

त्या दिवसापासून छायाला मी भरवायचं नाही, तिची वेणी घालायची नाही. ती सहा-सात वर्षांची. रोज माझ्याकडून पहिला घास खायची सवय. ताट घेऊन उंबऱ्यापर्यंत यायची आणि विचारायची, "माय, तुह्या हाताले काय झालं?" लोकांनी माझ्या रोट्या खाल्ल्या नाहीत हे मी सोसलं असतं. पण माझी पोर पुन्हा कधी माझ्या हातचं खाईल की नाही, हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. चूल पेटवली, मडकं पालथं घातलं, चांगलं तापू दिलं. आणि त्यावर हात ठेवला. वाट पाहत राहिले. काही नाही. ऊब आहे एवढंच. अजून ठेवला. मग वास आला आणि मी हात ओढला. तळव्याची कातडी पांढरी पडली होती, आणि दुखणं मागाहून आलं, फार लांबून आल्यासारखं. मी तिथंच बसून राहिले. मनात म्हटलं, लोक खरंच बोलून राहिले असतील.

*

छायाचे बाबा मला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. कातडीच्या विभागासमोर लांब बाकडं होतं. आमच्या शेजारी एक बाई बसली होती, हिरव्या लुगड्यातली, हात पदराखाली झाकलेले. तिच्यापासून सगळे सरकून बसले होते. मला पाहिल्यावर माझ्यापासूनही सरकले. त्यामुळं आम्ही दोघी एकमेकींच्या जवळ आलो.

डॉक्टरीण तरुण होती. नाव विचारलं, मग म्हणाली, "डोळे मिटा. मी कापूस लावते. कळलं की हो म्हणायचं."

मंदे, डोळे मिटून बसायचं आणि आपल्याच अंगानं आपल्याला काही सांगावं म्हणून वाट बघायची, यापेक्षा वाईट काही मला आठवत नाही. गालाला लावलं, "हो." कपाळ, "हो." मनगटाची वरची बाजू, "हो." मग बराच वेळ काही नाही. मी डोळे उघडले. तिचा कापूस माझ्या तळहातावर होता.

तिनं कानाच्या पाळीला बारीकशी चीर देऊन काचेवर काहीतरी घेतलं. मग अचानक विचारलं, "काम काय करता?"

"लांब रोटी करतो जी मी."

"म्हणजे कशी?"

मी रिकाम्या हातांनी करून दाखवलं. हवेत कणीक झुलवली, लांबवली, मडक्यावर टाकली, बोटांनी काढली. ती बघत राहिली. माझा तळवा उलटा धरून त्याची जाड कातडी अंगठ्यानं दाबली. जरा हसल्यासारखं झालं. पण म्हणाली एवढंच, "तपासणीचं कळू द्या. त्याआधी मी काही बोलणार नाही." चेहऱ्याची आग होते म्हटलं तर पांढऱ्या जेलीची एक डबी दिली. "थोडी लावा," म्हणाली.

*

थोडी! इथं मी चुकले, आणि तुझी चूक तीच आहे म्हणून नीट वाच.

आमच्या कामात चुलीनं भाजलं की तेल नाहीतर तूप थापायचं, आणि थापूनच परत चुलीपुढं बसायचं. जितकं जाड तितकं बरं, असंच आम्ही धरून चाललेलो. जेली मला तुपासारखीच वाटली. मी बोटं भरून भरून चेहऱ्यावर थापली आणि घरच्या सैपाकाला बसले. जेलीखाली चेहरा असा तापला, जशी झाकण ठेवलेली भाजी. उष्णता आत कोंडली, बाहेर पडायला वाट नाही. संध्याकाळपर्यंत डोळ्यांखाली सूज, पुळ्या दुप्पट. मला वाटलं, कमी पडली. दुसऱ्या दिवशी अजून लावली.

आणि त्यात ती चमक. अंगणात उन्हात उभी राहिले तर चेहरा तेलकट, ताणलेला, लकाकणारा. सासूनं तो पाहिला. तशी चमकणारी, सुजलेली तोंडं तिनं रेल्वे स्टेशनाबाहेर ओळीनं बसलेली पाहिली होती. आपण सगळ्यांनीच पाहिली होती. तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

त्याच दुपारी छायाचे कपडे एका पिशवीत भरले गेले. सासू तिला घेऊन उमरेडला आपल्या लेकीकडं निघाली. छाया रडली नाही. तिला वाटलं गावाला चाललो. वळणावर तिनं हात हलवला आणि मी उत्तर म्हणून हात वर केला, तर सासूनं तिचं तोंड पुढं वळवलं. जसं काही माझं बघणंही लागेल.

छायाचे बाबा त्या दिवशी गिरणीत गेले नाहीत. माझ्यापासून हातभर अंतरावर ओट्यावर बसून राहिले. मला म्हणाले, "काहीही निघालं तरी मी इथंच हावो." पण ते हातभर अंतर त्यांनी कमी केलं नाही. दोन्ही खरं होतं. माणूस दोन्ही असतो.

*

तपासणीचं कळायच्या दिवशी बाकड्यावर ती हिरव्या लुगड्यातली बाई पुन्हा होती. तिला आधी आत बोलावलं. बाहेर आली ती भिंत धरून.

डॉक्टरणीनं माझा चेहरा पाहिला आणि पहिलं वाक्य तपासणीचं नाही, जेलीचं बोलली. "हे काय करून ठेवलं? मी थोडी म्हटलं होतं ना?" मी रडायला लागले तेव्हा तिच्या लक्षात आलं. "अहो, महारोग नाही तुम्हाला. कानाच्या पाळीत काही निघालं नाही, चेहऱ्याला सगळं कळतं. हात चुलीनं राठ झालेत. याला रोझेशिया म्हणतात. कोणाला लागत नाही. पूर्ण जातही नाही, पण सांभाळता येतो."

सोबत नेलेली रिकामी ट्यूबही तिनं ओळखली. म्हणाली, असली जोराची ट्यूब आधी चेहरा उजळवते आणि मग त्याचं वाटोळं करते. मनानं लावायची नाही, आणि फार दिवस लावत असाल तर सोडायचीही डॉक्टरला विचारूनच. खायच्या गोळ्या दिल्या. त्यांचं नाव मी तुला सांगणार नाही, कारण तू त्याही दुकानातून आणशील.

निघताना तिनं अजून एक सांगितलं. "आणि महारोग निघाला असता तरी त्याला गोळ्या आहेत. तो कपातून लागत नाही. घरी सांगा."

बाहेर ती बाई अजून बसली होती. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "तुमचं काय निघालं वं?"

माझ्या तोंडून 'नाही' निघेना. मी तिच्याजवळ बसले. डॉक्टरणीनं गोळ्यांचं जे सांगितलं ते तिला सांगितलं. तिलाही सांगितलं होतं म्हणे. "गोळ्या हायेत," ती म्हणाली. "पण मले घरात घ्याले कोणाची गोळी हाये?"

*

तुला वाटेल, मग सगळं ठीक झालं. नाही झालं. छायाचे बाबा उमरेडला जाऊन सांगून आले. सासू छायाला घेऊन आली, पण कप खुंटीलाच राहिला. "डाक्टर काय देव हाये काय?" म्हणायची. देव तर तिनं सोडला होता, तरी म्हणायची. भीती घरात आली की सहज जात नाही. चेहरा उतरायला लागला तशी छाया हळूहळू माझ्याकडं सरकत आली. आधी वेणी, मग मांडी. पण घास नाही. तो अजून आजीच भरवायची.

मग सासूला थंडी-तापानं धरलं. अंग भाजत होतं, पाणी मागत होती. मी खुंटीवर हात घातला तो घाईत, जे हाताला लागलं ते. माठातून भरून तिच्या ओठाला लावलं आणि तेव्हा दोघींनाही दिसलं. निळी फुलं. तुटका कान. तिनं कपाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता हा उडवते.

ती प्यायली. सगळा. मग म्हणाली, "अजून दे वं." छाया उंबऱ्यात उभी होती. तिनं ते पाहिलं आणि ताट घेऊन आली, माझ्यासमोर बसली आणि तोंड उघडलं.

माफी वगैरे सासूनं मागितली नाही. पण कप पुन्हा खुंटीला गेला नाही.

*

आता जेलीचं. तिचं मला अजून काम पडतं, ती वाईट नाही. पण ती औषध नव्हे, पांघरूण आहे. कोरड्या, चरचरणाऱ्या कातडीवरचं पातळ पांघरूण. गरम झालेल्या माणसावर कोणी रजई टाकते का? तसं. चुलीपुढं जाताना नाही, उन्हात जाताना नाही. दिवसाचं काम संपलं की साध्या पाण्यानं तोंड धुवावं, जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं टिपावं, घासू नये. जरा ओलसर असतानाच, तुरीच्या डाळीएवढी घेऊन बोटांवर पसरावी आणि दाबून दाबून लावावी. चमक दिसली तर जास्त झाली समज. आधी जबड्याच्या कडेला थोडी लावून काही दिवस पाहावं. आग झाली, पुळ्या वाढल्या, तर पुसायची आणि डॉक्टरकडं जायचं. आणि ती संत्र्याची पूड उकिरड्यावर.

माझ्या चेहऱ्यावरचा तो आजार काही पुरता गेला नाही. दर चैतात डोकं काढतो. ऊन तापायला लागलं की सकाळी उठून मी आधी आरसा बघते. कौसल्या आता मडक्यापुढं बसते, मी मागं कणीक भिजवते. बेसाच्या त्या घरानं मला परत कधी बोलावलं नाही. काही घरं अजूनही टोपलीत बघून विचारतात, "यातली कोणाची?" कौसल्या म्हणते, "दोघींची." आता बघत नाही दुसरीकडं.

पण मंदे, मला लोकांनी वेगळं काढलं होतं. तुला कोणी काढलं नाही. तू स्वतःच स्वतःचा कप पिशवीत घालून फिरून राहिली आहेस. तुझी पोरगी परवा तुझ्या मांडीवर यायला बघत होती आणि तू तिला बाजूला सारलंस. मी पाहिलं. तुझी खुंटी तुझ्याच मनात आहे आणि ती मला माझ्या खुंटीपेक्षा जास्त भयंकर वाटते, कारण तिथवर माझा हात पोचत नाही.

म्हणून ऊन कडक व्हायच्या आत ये. आधी माझ्यासोबत दवाखान्यात चल. बाकड्यावर बसू दोघी. मग घरी. वाळ्याची ताटी लावून ठेवते. पोरीला घेऊन ये, आणि तो पिशवीतला कपही आण. त्यात मी चहा पिईन. माझा निळ्या फुलांचा अजून आहे, त्यात तू पी. लवकर ये वं, वाट बघते.